बीपीएफ व्हेरिफायर: पॉइंटरचा पक्का पहारेकरी, बोलायला मात्र तुटक

लिनक्स कर्नेलच्या पोटात शिरून पॅकेट किंवा सॉकेट हाताळणारा प्रोग्रॅम लिहायचा, तर बीपीएफ (कर्नेलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवायची सोय) आणि त्याचा तपासनीस, म्हणजे व्हेरिफायर, यांना टाळून जाता येत नाही. प्रोग्रॅम लोड होताना व्हेरिफायर सूचनागणिक (इन्स्ट्रक्शनगणिक) तपासणी करतो. एखाद्या वाटेवर जरी भलत्या पत्त्याला हात लागेल अशी शंका आली, तरी अख्खा प्रोग्रॅम परत पाठवतो. बीपीएफचं हे रूप ३.१८ आवृत्तीत, २०१४ च्या अखेरीस आलं. पॅकेटचे बाइट थेट पॉइंटरने (मेमरीतला पत्ता धरणाऱ्या चलाने) वाचायची सोय २०१६ मध्ये ४.७ ला मिळाली, एक्सडीपी (ड्रायव्हरपाशीच पॅकेट हाताळायची सोय) त्याच वर्षी ४.८ मध्ये, आणि सॉकेट शोधून देणारे हेल्पर (प्रोग्रॅमने बोलवायची कर्नेलची तयार फंक्शनं) २०१८ च्या शेवटी ४.२० मध्ये. हे परीक्षण तेवढ्याच भागाचं आहे: नेटवर्कवर काम करणारे प्रोग्रॅम आणि त्यांतल्या पॉइंटरची तपासणी. ट्रेसिंग वगैरे बाजूला ठेवलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. मेमरीच्या सुरक्षिततेसाठी हे साधन आज उपलब्ध असलेल्यांत अव्वल आहे. मात्र प्रोग्रॅम बरोबर आहे का, हे त्याला कळत नाही. त्याला फक्त पुरावा कळतो. तुमचा कोड निर्दोष असूनही पुरावा त्याच्या नजरेस पडला नाही तर नकार, आणि कोड चुकीचा असूनही पत्ते हद्दीत असले तर होकार. हा फरक ज्याला उमगला त्याचं व्हेरिफायरशी जमतं.

पॅकेटचे पॉइंटर

एक्सडीपी किंवा टीसी (कर्नेलचं ट्रॅफिक कंट्रोल) प्रोग्रॅमला पॅकेटची दोन टोकं मिळतात: 'डेटा' आणि 'डेटा_एंड'. व्हेरिफायर प्रत्येक रजिस्टरवर प्रकाराची चिठ्ठी लावतो. एकाला 'पीकेटी', दुसऱ्याला 'पीकेटी_एंड'. सुरुवातीला 'पीकेटी'ची सुरक्षित हद्द शून्य असते. लॉगमध्ये ती 'आर=०' अशी दिसते. 'डेटा अधिक ५४ हे डेटा_एंडच्या पुढे गेलं तर बाहेर पड' ही तुलना पार केल्यावरच उरलेल्या वाटेवर 'आर=५४' होतं. इथरनेटचे १४, आयपीचे २० आणि टीसीपीचे २० मिळून ५४ बाइट. तेवढे वाचायला मोकळीक. पंचावन्नावा मागितलात तर 'इनव्हॅलिड ॲक्सेस टू पॅकेट'.

इथवर सगळं सरळ आहे. घोडं पेंड खातं ते बदलत्या लांबीच्या हेडरवर. आयपी हेडरची लांबी 'आयएचएल' या चार बिटांतून येते, तिला चारने गुणायचं, म्हणजे कमाल ६० बाइट. ही संख्या पॉइंटरमध्ये मिळवली की व्हेरिफायर त्या पॉइंटरला नवा 'आयडी' देतो आणि हद्द पुन्हा शून्यावर आणतो. आधी शंभर बाइटांची तपासणी करून ठेवली असली तरी ती या नव्या पॉइंटरला लागू होत नाही. टीसीपी हेडरच्या नव्या पॉइंटरसाठी नवी तुलना लिहावीच लागते. त्याहून फसवी गोष्ट अशी की हीच बेरीज दोन ठिकाणी केली तर दोन वेगळे आयडी तयार होतात. एकावर तुलना आणि दुसऱ्यावर वाचन, असं झालं की नकार ठरलेला. म्हणून बेरीज एकदाच करा, एका चलात ठेवा, त्याच चलाची तुलना करा आणि त्याच्यामार्फतच वाचा.

दुसरा खड्डा याहून खोल आहे, कारण तिथे तुलना लिहिलेली असूनही व्हेरिफायर ती मोजतच नाही. पॅकेट पॉइंटरचं कमाल ऑफसेट त्याने ६५५३५ धरलं आहे. आयपी हेडरमधली एकूण लांबी सोळा बिटांची, म्हणजे तिचीही कमाल ६५५३५. ती जशीच्या तशी १४ बाइट पुढे असलेल्या पॉइंटरमध्ये मिळवली की बेरीज मर्यादेबाहेर जाऊ शकते. मग व्हेरिफायर ओव्हरफ्लोच्या भीतीने तुलनेवरून हद्द वाढवण्याचं काम गुपचूप सोडून देतो. इशारा नाही, सूचना नाही. पुढे वाचताना 'आर=०' दिसतं आणि लिहिणारा आपल्याच तुलनेकडे पाहत डोकं खाजवतो. उपाय एका ओळीचा आहे: मिळवण्याआधी लांबीवर १६३८३ चा मास्क ('अँड' क्रिया) लावा किंवा तिला वरची मर्यादा घाला. चिन्हांकित पूर्णांक वापरला तर वेगळी तक्रार येते, 'अनबाउंडेड मिन व्हॅल्यू'. लांबी आणि ऑफसेट यांसाठी चिन्हरहित प्रकारच वापरावेत.

'डेटा_एंड वजा डेटा' करून लांबी काढायची आणि तिच्यावर पुढची गणितं रचायची, ही सवयही इथे कामाची नाही. वजाबाकीतून जी संख्या निघते ती व्हेरिफायरच्या लेखी पूर्ण अनोळखी असते. तिच्या आधारे केलेली तुलना पॅकेटच्या हद्दीचा पुरावा ठरत नाही. तुलना पॉइंटरची पॉइंटरशीच हवी. शिवाय ही वजाबाकी करायला 'कॅप_परफमॉन' हा अधिकार लागतो. ५.८ पासून अधिकारांची विभागणी झाली. त्यानंतर फक्त 'कॅप_बीपीएफ' आणि 'कॅप_नेट_ॲडमिन' देऊन चालवलेला प्रोग्रॅम अचानक नापास होतो, त्यामागे बऱ्याचदा हीच एक वजाबाकी असते. रूटने चालवताना ती कधीच डोळ्यांवर येत नाही. लांबीच हवी असेल तर टीसीमध्ये संदर्भातलं (प्रोग्रॅमला मिळणाऱ्या 'कॉन्टेक्स्ट' रचनेतलं) 'लेन' फील्ड आहे, आणि एक्सडीपीसाठी ५.१८ पासून 'बीपीएफ_एक्सडीपी_गेट_बफ_लेन' हा हेल्पर आहे.

पॅकेट बदलणारा कोणताही हेल्पर बोलावला की आधीचे सगळे पॅकेट पॉइंटर रद्द होतात. 'ॲडजस्ट_हेड', 'ॲडजस्ट_टेल', 'पुल_डेटा', 'स्टोअर_बाइट्स', इतकंच काय चेकसम दुरुस्त करणारे हेल्परसुद्धा. यामागचं कारण योग्य आहे: बफर दुसरीकडे हलला असू शकतो. पण चेकसमच्या हेल्परने पॉइंटर मरतात हे कोणाच्या ध्यानीमनी नसतं. पत्ता किंवा पोर्ट बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तर ही चूक हमखास होते. अशा हेल्परनंतर 'डेटा' आणि 'डेटा_एंड' संदर्भातून पुन्हा वाचायचे आणि तुलना पुन्हा करायची. पुढे लागणारी मूल्यं आधीच स्थानिक चलांत उचलून ठेवली तर काम हलकं होतं.

टीसीमध्ये अजून एक गोम आहे. 'डेटा_एंड' फक्त बफरच्या सलग भागाचं टोक दाखवतो. टीसीपीचं हेडर त्या भागात नसलं तर तुलना प्रामाणिकपणे 'पुरेसे बाइट नाहीत' असंच सांगणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? व्हेरिफायरची इथे काही तक्रार नसते. प्रोग्रॅम लोड होतो, चालतो आणि काही पॅकेट न पाहताच पुढे सोडतो. म्हणून तुलना फसली की लगेच बाहेर न पडता एकदा 'पुल_डेटा' बोलवावं, टोकं पुन्हा वाचावीत आणि मगच हार मानावी. थोडेच बाइट वाचायचे असतील तर 'स्कब_लोड_बाइट्स' त्यांची प्रत स्टॅकवर आणून देतो. हा मार्ग थोडा संथ असला तरी पॉइंटरची कटकट संपते. एक्सडीपीत अनेक तुकड्यांची पॅकेट ५.१८ पासून घेता येतात. तिथेही 'डेटा_एंड' पहिल्या तुकड्यापुरताच असतो.

६.४ पासून स्कब (टीसीत पॅकेट धरणारी कर्नेलची रचना) आणि एक्सडीपीसाठी 'डायनप्टर' (स्वतःची लांबी सोबत बाळगणारे पॉइंटर) आले आहेत. 'बीपीएफ_डायनप्टर_स्लाइस' ला ऑफसेट, लांबी आणि स्वतःचा बफर द्यायचा. बाइट सलग असतील तर थेट पॉइंटर मिळतो, नसतील तर बफरमध्ये प्रत येते. उत्तर नल असू शकतं, तेवढं तपासलं की झालं. नव्या कर्नेलवर नवं काम सुरू करणाऱ्याने यालाच पहिली पसंती द्यावी. फक्त लिहिता येणाऱ्या स्लाइसच्या बाबतीत, डेटा बफरमध्ये आला असेल तर बदल पॅकेटमध्ये परत लिहायची जबाबदारी आपली आहे, हे विसरू नये.

सॉकेटचे पॉइंटर

या भागात व्हेरिफायरची कामगिरी सर्वांत देखणी आहे. 'बीपीएफ_एसके_लुकअप_टीसीपी' बोलावलं की परत येणाऱ्या पॉइंटरवर 'सॉक_ऑर_नल' अशी चिठ्ठी लागते. नल तपासणी होईपर्यंत त्याला हात लावता येत नाही. तपासणी झाली की त्याच आयडीच्या सगळ्या प्रती, दुसऱ्या रजिस्टरमधल्या आणि स्टॅकवर ठेवलेल्यासुद्धा, एकदम मोकळ्या होतात. त्यासोबत रेफरन्सचा (सॉकेट वापरात आहे या नोंदीचा) हिशेब सुरू होतो. नल नसलेल्या प्रत्येक वाटेवर 'बीपीएफ_एसके_रिलीज' झालंच पाहिजे, नाहीतर 'अनरिलीज्ड रेफरन्स' म्हणून प्रोग्रॅम परत. संदेशात रेफरन्सचा आयडी आणि तो कोणत्या सूचनेला घेतला होता तो क्रमांक, दोन्ही असतात. संदेश कसा असावा याचा हा एक चांगला नमुना आहे. बाकीचे संदेश असे असते तर या परीक्षणाचं शीर्षक वेगळं असतं.

रेफरन्स हातात असताना टेल कॉल (दुसऱ्या बीपीएफ प्रोग्रॅममध्ये उडी) करता येत नाही. सोडल्यानंतर पॉइंटर वापरता येत नाही. त्या सॉकेटवरून 'बीपीएफ_टीसीपी_सॉक' ने काढलेला दुसरा पॉइंटरही मूळ रेफरन्स सुटताक्षणी बाद होतो. 'एसके_फुलसॉक' आणि 'टीसीपी_सॉक' हे दोघं स्वतः रेफरन्स घेत नाहीत, त्यामुळे त्यांना सोडायचं नसतं. पण नल दोघंही देऊ शकतात. मग टीसीमध्ये संदर्भातल्या 'एसके' फील्डपासून टीसीपीच्या आकडेवारीपर्यंत फुलसॉकमार्गे पोचायला तीन नल तपासण्या लागतात: फील्डची एक, फुलसॉकची दुसरी, टीसीपी_सॉकची तिसरी. त्या कंटाळवाण्या वाटतात खऱ्या, पण टाइम-वेट (बंद होत आलेल्या) किंवा अर्धवट जुळलेल्या जोडणीला टीसीपीची पूर्ण रचनाच नसते, तेव्हा हा हट्ट रास्त आहे.

'एसके' फील्ड संदर्भातून वाचताना एक पथ्य पाळा. प्रत्येक वाचनाला नवा आयडी मिळतो. 'एसके नल नसेल तर' असं म्हणून पुढच्या ओळीत संदर्भातून पुन्हा 'एसके' काढून त्याचं फील्ड वाचलं, तर पहिली तपासणी दुसऱ्या प्रतीच्या कामी येत नाही. आधी स्थानिक चलात घ्या, मग त्याचीच तपासणी करा.

सॉकमॅपमधून (सॉकेट साठवणाऱ्या बीपीएफच्या तक्त्यातून) 'मॅप_लुकअप' ने सॉकेट काढलं तर तिथेही रेफरन्स घेतला जातो. एसके-लुकअप प्रकारच्या (आलेली जोडणी कोणत्या सॉकेटला द्यायची ते ठरवणाऱ्या) प्रोग्रॅममध्ये, जो ५.९ पासून आहे, हे वरचेवर घडतं. काढा, नल तपासा, 'एसके_असाइन' करा आणि मग सोडा. असाइन केलं म्हणजे मालकी दिली, आता सोडायची गरज नाही, असा तर्क स्वाभाविक असला तरी चुकीचा आहे. सोडावं लागतंच, आणि सोडलं नाही तर व्हेरिफायर पुढे जाऊ देत नाही.

लुकअपला दिलेल्या टपलची (पत्ते आणि पोर्ट यांच्या संचाची) लांबी हा मात्र त्याच्या नजरेतून सुटणारा मुद्दा. आयपीव्ही४ साठी १२ बाइट, आयपीव्ही६ साठी ३६. हेल्पर पत्त्याचं कुटुंब (आयपीव्ही४ की आयपीव्ही६) ओळखतो ते या लांबीवरूनच. टपलची रचना युनियनची असल्यामुळे तिचं पूर्ण माप ३६ भरतं. तेच आयपीव्ही४ च्या लुकअपला दिलं की तो आयपीव्ही६ समजून शोधतो आणि मुकाट नल देतो. मेमरीच्या दृष्टीने सगळं चोख, व्हेरिफायर खूश, आणि सॉकेट कधीच सापडत नाही.

कंजेशन कंट्रोलसाठीच्या (टीसीपीचा वेग आवरणाऱ्या) स्ट्रक्ट-ऑप्स प्रोग्रॅममध्ये, म्हणजे कर्नेलची ठराविक फंक्शनं बीपीएफने पुरवणाऱ्या प्रकारात, ५.६ पासून, खेळाचे नियमच वेगळे. तिथे कर्नेलच्या रचनांचे बीटीएफ (प्रकारांची माहिती सांगणाऱ्या) पॉइंटर मिळतात. पॉइंटरमागून पॉइंटर काढत गेलो आणि मधलाच एक नल निघाला, तरी वाचन कोसळत नाही, शून्य मिळतं. लिहिणं मात्र मोजक्याच फील्डांवर. नल तपासणीची सक्ती नाही म्हणून तपासणी गाळणाऱ्यांना ते शून्य खरं वाटतं.

मधला कंपायलर

व्हेरिफायरला तुमचा सी कोड दिसत नाही, क्लँग या कंपायलरने काढलेल्या सूचना दिसतात. त्यामुळे तक्रारीचा दोष कधी कधी मधल्या मध्यस्थाकडे जातो. 'लांबी शून्याहून मोठी आणि शंभराहून लहान' अशी सरळ अट लिहावी, तर क्लँग लांबीतून एक वजा करून दुसऱ्या रजिस्टरमध्ये ठेवतो आणि त्या रजिस्टरची ९९ शी तुलना करतो. मूळ रजिस्टरची मर्यादा व्हेरिफायरच्या हिशेबात अमर्यादच राहते. ध चा मा होतो तो असा. लिब-बीपीएफ या लायब्ररीच्या हेडरमध्ये 'बॅरियर_व्हार' हा मॅक्रो यासाठीच दिला आहे. चल त्यातून काढलं की कंपायलर त्याच्याबद्दलचे अंदाज सोडून देतो. मास्क लावला असेल आणि कंपायलरने 'गरज नाही' म्हणून तो पुसला असेल, तर मास्कच्या आधी हाच मॅक्रो घाला. 'व्होलाटाइल' नेही भागतं, पण दर वेळी स्टॅकवर फेरी होते.

एकूण सल्ला एवढाच की तपासणी वापराच्या अगदी लगत ठेवा. वीस ओळी वर केलेली तपासणी माणसाला पुरते, पण मध्ये रजिस्टर स्टॅकवर गेलं, प्रत झाली, शाखा फुटली, की पुरावा विरत जातो. स्टॅक फक्त ५१२ बाइटांचा आहे, हेही धरून चाला.

टीसीपी ऑप्शन वाचणारं आवर्तन (लूप) हे या सगळ्या अडचणींचं माहेरघर. ऑप्शनचे बाइट जास्तीत जास्त ४०. प्रत्येक फेरीत एक बाइट प्रकार, मग (प्रकार ० आणि १ सोडून) एक बाइट लांबी, आणि त्या लांबीने पॉइंटर पुढे. प्रत्येक फेरीत नवा आयडी, नवी तुलना. ५.३ च्या आधी आवर्तन उलगडूनच लिहावं लागे. ५.३ पासून मर्यादित आवर्तन चालतं, पण फेरीगणिक शाखा फुटल्या की तपासलेल्या सूचनांचा आकडा भराभर चढतो. ५.२ च्या आधी प्रोग्रॅमची लांबीच ४०९६ सूचनांपर्यंत असू शके, ५.२ पासून अधिकृत वापरकर्त्यासाठी १० लाख तपासलेल्या सूचनांची मर्यादा आहे. त्यापुढे 'प्रोग्रॅम इज टू लार्ज'. ५.१७ चा 'बीपीएफ_लूप' किंवा ६.४ पासूनचं 'बीपीएफ_फॉर' वापरलं तर हा भार बराच उतरतो. ऑप्शनची लांबी २ पेक्षा कमी आली तर लगेच बाहेर पडा. शून्य लांबीवर पॉइंटर जागचा हलत नाही आणि उरलेल्या फेऱ्या वाया जातात.

लॉग

इथे गुण कापावे लागतात. चूक जिथे घडली ते ठिकाण आणि व्हेरिफायर जिथे बोट ठेवतो ते ठिकाण, यांत कधी कधी शंभर सूचनांचं अंतर असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वाचण्याची पद्धत उलटी ठेवा. शेवटची ओळ पाहा, तिच्यातलं रजिस्टर पकडा आणि त्याच्या हद्दीची 'आर' किंमत वर कुठे बदलली ते शोधत जा. कंपायल करताना '-जी' दिलं असेल तर बीटीएफमुळे मूळ सी ओळी लॉगमध्ये मिसळून येतात. त्याशिवाय हा लॉग वाचूच नये. 'बीपीएफटूल' ला '-डी' दिलं की यशस्वी लोडचाही सविस्तर लॉग मिळतो. ५.१८ च्या आधी साध्या संख्येला लॉग 'इन्व्ह' म्हणे, आता 'स्केलर' म्हणतो. जुन्या उत्तरांशी ताडून पाहताना हे ध्यानात असू द्या. बफर छोटा पडला तर पूर्वी शेवटच कापला जाई, म्हणजे नेमकी कामाची ओळ. ६.४ पासून शेवट टिकतो आणि सुरुवात कापली जाते.

विश्वास किती ठेवावा

पहारेकऱ्याच्याही चुका झाल्या आहेत. सीव्हीई-२०२०-८८३५ (सीव्हीई म्हणजे जाहीर सुरक्षा-त्रुटीचा क्रमांक) मध्ये ३२ बिटी मर्यादांचा हिशेब चुकला होता. सीव्हीई-२०२१-३४९० तशाच हिशेबाची, बिटवार क्रियांमधली. सीव्हीई-२०२२-२३२२२ तर याच विषयाशी थेट जोडलेली आहे: 'ऑर_नल' प्रकारच्या काही पॉइंटरवर नल तपासणीआधीच बेरीज करू दिली जात होती. नल अधिक आठ म्हणजे नल नव्हे, आणि तिथून पुढे सगळा पुरावा खोटा. आज अशी बेरीज केली की 'आधी नल तपासणी करा' असं स्पष्ट सांगून नकार मिळतो. सीव्हीई-२०२३-२१६३ मध्ये शाखा छाटताना चूक होती. अनधिकृत वापरकर्त्यांना बीपीएफ बंद ठेवणं हा यावरचा साधा उपाय आहे, आणि ५.१६ पासून कर्नेलच्या बांधणीत तोच मूळ पर्याय आहे.

विंडोजवरचं बीपीएफ 'प्रीव्हेल' हा वेगळा तपासनीस वापरतं. तो प्रत्येक वाट स्वतंत्र चालत नाही, वाटा जिथे मिळतात तिथे माहिती एकत्र करतो. त्यामुळे वाटांची संख्या फुगली तरी त्याला दम लागत नाही. पण सॉकेटवर लिहिणाऱ्यांसाठी लिनक्सच्या व्हेरिफायरचा रेफरन्स-हिशेब जास्त उपयोगाचा.

आता तो काय पाहत नाही ते. आयएचएल पाचापेक्षा कमी असलेलं पॅकेट त्याला खटकत नाही. आयएचएल शून्य आलं तर टीसीपीचा पॉइंटर आयपी हेडरवरच पडतो, पत्ते हद्दीत असतात, आणि प्रोग्रॅम आयपीच्या बाइटांना पोर्ट समजून निर्णय देतो. ही अट स्वतः लिहायची. टीसीपीच्या हेडरची लांबी सांगणाऱ्या 'डीऑफ' चंही तेच, पाचाखाली गेलं की पॅकेट सोडून द्या. 'टीसीपी_सॉक' मधला 'एसआरटीटी_यूएस' (जाण्यायेण्याच्या वेळेची सरासरी) मायक्रोसेकंदांत असला तरी आठपट साठवलेला असतो, तीन बिट उजवीकडे सरकवल्याशिवाय आकडा खरा नाही. आणि 'बीपीएफ_सॉक' रचनेत 'सोर्स पोर्ट' यजमानाच्या बाइटक्रमात आहे, 'डेस्टिनेशन पोर्ट' नेटवर्कच्या. दोघांना एकाच फंक्शनमधून उलटवलंत तर व्हेरिफायर हूं की चूं करणार नाही, आणि चालत्या जोडणीच्या दोन टोकांपैकी एकाचा पोर्ट कायम चुकीचा छापला जाईल.